पाय पाहून अंथरूण



संवत्सरीनंतरच्या रविवारी क्षमापनेसाठी सुप्याला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. 'मिच्छामि दुक्कडम्' झाले, ताटे मांडली गेली आणि पहिला घास घेण्यापूर्वीच भाच्याने प्रश्न टाकला, "मामा, तुम्हीच सांगा, मी कोणती मोटारसायकल घेऊ?" प्रश्न साधा होता, पण वरण वाढणाऱ्या ताईचा हात क्षणभर थांबला, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

भाच्याला नुकतेच अठरा वर्षे पूर्ण झाली होती. पदविका पूर्ण करून तो सुप्याच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात प्रशिक्षणार्थी म्हणून लागला आहे. पाळी सकाळी सातची. त्याची उंची सहा फूट दोन इंच आणि वजन 64 किलो. आमच्या दोन्ही कुळांत इतके उंच कोणी झालेले नाही. दुकानाच्या अर्ध्या उघड्या शटरखालून आत येताना कमरेत दुमडावे लागणारा हा पहिलाच. त्यामुळे घरात, दुकानात आणि स्थानकाच्या ओट्यावर सर्वांचे एकमत झालेले होते, की एवढ्या उंच मुलाला लहानशी गाडी शोभणार नाही, साडेतीनशे सीसीची भारदस्त गाडीच घ्यावी. दाजींनी पैशांची तजवीज करून ठेवली होती. भाच्याने रंगही ठरवला होता.

पंगतीत एकच माणूस काही बोलत नव्हता. तो म्हणजे दाजींचे धाकटे बंधू, मुलाचे काका. ते जेवण आटोपून हात धुवायला उठले तेव्हा नेहमीप्रमाणे डावा पाय जरा ओढत गेले.

त्या पायाची हकिकत घरातील सर्वांना ठाऊक आहे. पण तिचा नेमका अर्थ त्या दिवसापर्यंत कोणी लावला नव्हता. सहा वर्षांपूर्वी काकांकडे अशीच जवळपास दोन क्विंटल वजनाची मोटारसायकल होती. पुणे-नगर महामार्गावर रस्ता ओलांडण्यासाठी ते दुभाजकाजवळ थांबले. डावा पाय टेकवला ती जागा खोलगट होती आणि तिथे बारीक खडी पडलेली होती. पाय सरकला, गाडी कलली. काकांनी ती सावरण्याचा प्रयत्न केला आणि सगळे वजन घोट्यावर आले. पायात पट्टी व स्क्रू बसले, तीन महिने अंथरुणावर गेले. लोक अपघात म्हटला की वेगाची गोष्ट करतात. काकांच्या अपघातात वेग शून्य होता. "गाडी चालत होती तोवर तिने मला सांभाळले. ती थांबल्यावर मी तिला सांभाळायचे होते, ते जमले नाही," असे ते त्या दुपारी प्रथमच सविस्तर बोलले. आणि मग पुतण्याला म्हणाले, "तुझे पाय लांब आहेत, पण ते गाडी उचलायला पुरतील का, ते आधी बघू."

त्या वाक्याने आमच्या पुढच्या तीन महिन्यांच्या उद्योगाला दिशा मिळाली. अनेक घरांत हाच प्रश्न येतो आणि तो बहुधा दुकानदाराच्या किंवा मित्राच्या मतावर सुटतो, म्हणून आम्ही काय केले ते आज लिहीत आहे. कोणत्याही कंपनीची भलामण करण्याचा हेतू नाही.

काकांनी कागद-पेन्सिल मागवली. व्यापाऱ्याच्या घरात कोणताही वाद शेवटी आकड्यांवर येतो. स्प्लेंडर प्लस या आपल्या सर्वांच्या ओळखीच्या गाडीचे आसन जमिनीपासून 785 मिलिमीटर उंच आहे. भाच्याला हवी होती ती क्लासिक 350. तिचे आसन 805 मिलिमीटर. म्हणजे फरक अवघा दोन सेंटिमीटरचा, एका बोटाच्या जाडीएवढा. वजनाचा फरक मात्र पाहा. स्प्लेंडर 112 किलो आणि क्लासिक 195 किलो. दोन सेंटिमीटर उंचीसाठी 83 किलो ओझे पत्करायचे, असा तो सौदा होता. गंमत पुढेच आहे. खेड्यापाड्यांत दूधवाले वापरतात त्या प्लॅटिनाचे आसन 807 मिलिमीटर, म्हणजे क्लासिकपेक्षाही किंचित उंच, आणि वजन 120 किलोच्या आत. 'उंच माणसाला मोठी गाडी' हे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की मोठी म्हणजे उंच की जड, हे विचारायचे राहूनच जाते. भाचा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत होता.

मला यावरून आपल्या नगरच्या लुनाची आठवण झाली. आजच्या मुलांना ती ठाऊक नसेल. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली ती बाजारात आणली. मुंबई विधानसभेचे सभापती झालेले स्वातंत्र्यसैनिक कुंदनमलजी फिरोदिया यांचे हे नगरचे घराणे. आपल्या समाजाला त्याचा अभिमान वाटतो तो रास्तच आहे. लुना म्हणजे जवळजवळ सायकलच. 50 सीसीचे इंजिन आणि बंद पडली तर मारायला पायंडल. माझी पिढी तिच्यावर शिकली. शिकताना आम्ही कितीतरी वेळा पडलो, आणि प्रत्येक वेळी उठून तीच गाडी एका हाताने उभी केली. कोणाच्या घोट्यात पट्टी बसली नाही. उंच माणूस लुनावर अगदीच विनोदी दिसे, हेही खरे. गुडघे कोपरांना भेटत. परंतु चालवणाऱ्याच्या अंगबळाला आवरेल अशा यंत्रावर शिकावे, ही त्या गाडीची रीत चुकीची नव्हती.

तरीही उंचीचा प्रश्न खोटा नाही, आणि तो झटकून टाकणे हाही एक प्रमादच ठरला असता. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटारसायकली साडेपाच फुटांच्या आसपासच्या माणसाला सोयीच्या पडतात. दुकानाच्या कामासाठी दाजींकडे एक जुनी स्प्लेंडर आहे. भाच्याने शिकाऊ परवाना काढला आणि काकांनी त्याला रविवारी दुपारी मोकळ्या बाजारतळावर त्याच गाडीवर शिकवायला सुरुवात केली. पहिल्या दोन रविवारांतच अडचणी दिसू लागल्या. आठचा आकडा काढताना हँडल पूर्ण वळले, की त्याचे टोक भाच्याच्या गुडघ्यावर आदळे. गुडघा बाहेर काढला की तोल जाई. त्याचा बूट अकरा नंबरचा. गिअरच्या पुढच्या दांडीखाली बुटाचे टोक शिरेना आणि टाच मागच्या दांडीवर आपोआप दाबली जाई. एकदा दुसरा गिअर टाकायला गेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये घुमत राहिली. अर्ध्या तासाने गुडघे आणि मांड्या भरून येत. वीस मिनिटांनी माणूस अंग चोरून बसू लागला, की त्याचे लक्ष रस्त्यावर न राहता स्वतःच्या सांध्यांवर जाते. म्हणून अडचण केवळ सोयीची नव्हती.

इथे एक माप कामाला येते, जे कंपनीच्या माहितीपत्रकात बहुधा सापडत नाही. आसनाची जमिनीपासूनची उंची सर्वत्र छापलेली असते. आसनापासून पायदानापर्यंतचे अंतर कोणी छापत नाही. उंच माणसाच्या गुडघ्याचा कोन या अंतरावर ठरतो. गाडी कितीही उंच असली आणि पायदान आसनाजवळ असले, तर गुडघा मुडपलेलाच राहणार. काकांनी दुकानातील कापड मोजण्याची फीत खिशात टाकली आणि आम्ही नगरला व शिरूरला पाच-सहा ठिकाणी फिरलो. विक्रेते प्रथम हसले. एका जागी तर "साहेब, गाडी घ्यायची की तिला सदरा शिवायचा?" असा प्रश्न आला. काकांनी शांतपणे फीत आसनाच्या खोलगट भागापासून पायदानापर्यंत लावली, आकडा टिपून घेतला आणि पुढच्या गाडीकडे वळले. भाच्याच्या पायाचे मापही घेतले होते. भिंतीला टेकून अनवाणी उभे करून, दोन मांड्यांमध्ये जाड वही धरून, वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत. ते 90 सेंटिमीटर भरले. दोन सारख्याच उंचीच्या मुलांत हे माप दोन-तीन बोटांनी वेगळे निघू शकते, कारण एकाचे पाय लांब असतात तर दुसऱ्याचे धड. म्हणून शेजारच्या उंच मुलाला जी गाडी बसली ती आपल्याला बसेलच असे नाही.

गाडीवर नुसते बसून पाहणे पुरेसे नसते. दुकानात ती मधल्या स्टँडवर उभी असते, तेव्हा ती स्थिर व उंच वाटते. ती स्टँडवरून काढायला लावावी. आपल्या वजनाने स्प्रिंग किती दबते ते पाहावे. हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून गुडघा लागतो का, नेहमीचा बूट गिअरखाली जातो का, हात ताठ न करता ब्रेकची दांडी दोन बोटांत येते का, हे तपासावे. मग गाडी बंद ठेवून ती दहा पावले मागे ढकलावी, शक्य तर किंचित चढावर. भाच्याला हवी होती ती जड गाडीही आम्ही अशीच ढकलायला लावली. नववे पाऊल टाकताना तो थांबला आणि म्हणाला, "काका, ही मागेच येते आहे." काकांनी हँडल धरून दिले. त्यानंतर त्या गाडीचा रंग काही घरात निघाला नाही. मला वाटते, आम्ही तासभर उपदेश करून जे झाले नसते ते त्या दहा पावलांनी केले. मुलाला नाही म्हणण्याऐवजी त्याच्या हातात वजन द्यावे.

आता शिकण्याविषयी. उंच मुलाची एक खोड काकांच्या लक्षात आली, ती मला फार महत्त्वाची वाटते. आखूड पायाच्या मुलाला थांबल्यावर जेमतेम चवडे टेकतात. त्यामुळे तो निमूटपणे तोल, क्लच आणि ब्रेक यांचे गणित शिकतो. लांब पायाच्या मुलाला ती गरजच वाटत नाही. भाचा गाडी सुरू करताना दोन्ही पाय जमिनीवरून घासत नेई, वळताना पाय खाली सोडी, थांबण्याआधी दहा फुटांवरच पाय उतरवी. पाहणाऱ्याला वाटे, किती सहज चालवतो आहे. प्रत्यक्षात तो गाडीवर बसून चालत होता. मंद वेगात तोल राहतो तो अर्धवट सोडलेल्या क्लचवर आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबावर. पाय खाली असले की मागच्या ब्रेकवर पायच नसतो. शिवाय चालत्या गाडीवरून टेकवलेला पाय दगडाला अडला, तर तो पायदानाखाली ओढला जातो. काकांनी जमिनीवर फक्कीने दोन रेषा आखल्या आणि त्यांच्यामधून पायदानावरून पाय न काढता, माणूस चालतो त्या गतीने, गाडी न्यायला सांगितली. पहिल्या दिवशी जमले नाही. दुसऱ्या रविवारी एकदा जमले. चौथ्या रविवारी तो सलग दहा फेऱ्या करू लागला. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हा धडा मात्र एकदा पडल्यावरच बसला. स्प्लेंडरचा आरसा गेला. मुलाला खरचटले. ताईने हळद लावली, पण सराव थांबवा असे म्हणाली नाही.

चालण्याच्या गतीने गाडी नेण्याचा हा हट्ट कशासाठी, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचे आहे. कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. पुणे आणि नगर यांच्यामधला विहार याच महामार्गाच्या कडेने होतो. थंडीचे दिवस, भल्या सकाळची वेळ, समोरून डोळ्यांवर येणारे कोवळे ऊन आणि कारखान्यांच्या मालमोटारी. विहारात वाहनाची धडक बसून संत-सती कालधर्म पावल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. म्हणून ठिकठिकाणची तरुण मुले विहारसेवेला जातात. काही जण सोबत चालतात, आणि मागून एखादी गाडी दिवे लुकलुकवत, पावलांच्या गतीने येते. भाच्याला मोटारसायकल हवी होती त्यामागे कारखान्याइतकेच हेही कारण होते. जड आणि तापणारी गाडी तासभर अशा गतीने चालवणे अनुभवी माणसालाही नको होते. ईर्यासमितीत साधूने पुढची साडेतीन हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. गाडीवाल्याची दृष्टी त्याच्या उलट हवी. समोरच्या चाकापुढची जमीन पाहणारा शिकाऊ मुलगा डगमगतो, दूर पाहणारा सरळ जातो. ही तफावत भाच्यानेच मला सांगितली.

सुप्याची आणखी एक खासियत आहे, ती म्हणजे वारा. इथल्या माळावर आणि डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या उगीच नव्हेत. आषाढात सुप्याहून नगरकडे निघाले, की वारा आडवा येतो. उंच माणसाची छाती म्हणजे होडीचे शीडच. मालमोटारीला ओलांडताना तिच्या आडोशाला वारा थांबतो आणि पुढे निघताच एकदम बाजूने आदळतो. या बाबतीत हलक्या गाडीची बाजू लंगडी पडते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जड गाडी वाऱ्यात अधिक स्थिर राहते. भाच्याला रोज नगरला जायचे असते तर आमचा विचार कदाचित बदललाही असता. परंतु त्याचे जाणे-येणे वसाहतीपर्यंतचे, आणि वर्षभरात तरी महामार्गावर एकट्याने लांब जायचे नाही, असे त्याने आपण होऊन पच्चक्खाण घेतल्यासारखे कबूल केले आहे. वाऱ्यात हँडल आवळून धरू नये, खांदे सैल ठेवून जरा पुढे वाकावे आणि वेग कमी करावा, एवढे काकांनी शिकवले आहे.

मग प्लॅटिनासारखी हलकी गाडीच का नाही घेतली? जवळजवळ घेतलीच होती. दोन गोष्टी आड आल्या. एक तर फीत लावल्यावर भाच्याच्या गुडघ्याला हवी तेवढी मोकळीक तिथेही मिळेना. दुसरी गोष्ट ब्रेकची. 125 सीसीपेक्षा अधिक क्षमतेच्या दुचाकींना एप्रिल 2019 पासून एबीएस बंधनकारक आहे. त्या नियमाप्रमाणे त्याखालच्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस व्यवस्था चालत होती. शिकाऊ माणूस घाबरला की ब्रेक करकचून दाबतो आणि चाक अडकून घसरते. एबीएस चाकाला अडकू देत नाही. पावसाळ्यात कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सांडलेले तेल आणि माती पाहिली, की या व्यवस्थेचे मोल कळते. शेवटी आम्ही एक्सपल्स 200 ही गाडी निवडली. तिचे आसन 825 मिलिमीटर उंच, पायदान त्यामानाने खाली, हँडल रुंद आणि उंचावर, पुढच्या चाकाला एबीएस, वजन 158 किलोच्या आसपास. स्प्लेंडरपेक्षा ती जड आहे, पण दोन क्विंटलपासून बरीच दूर. भाच्याने ती कलवून पुन्हा सरळ केली, दहा पावले मागे नेली आणि अकरावे पाऊलही टाकले. पाच फूट चार इंचांच्या मुलाला मी ही गाडी कधीच सुचवणार नाही. त्याचे चवडेही धड टेकणार नाहीत.

गाडी वापरलेली घेतली. शिकणाऱ्याच्या हातून ती एकदा-दोनदा पडणार, आणि नव्या कोऱ्या गाडीवर ओरखडा आला तर घरात जे वातावरण होते ते शिकण्याला पोषक नसते. वापरलेल्या गाडीत हँडल सरळ आहे का, पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का, दंडाची चलने थकलेली आहेत का, हे पाहिले. आधीच्या मालकावर बँकेचे कर्ज होते. बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्यावरच पैसे दिले. नावबदलाचे फॉर्म 29 व 30 त्याच दिवशी सह्या करून घेतले. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांची मुदत असते, तिच्याकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते.

हेल्मेटवर मात्र काटकसर केली नाही. उंच मुलाचे डोके मोठेच असेल असे समजून विक्रेत्याने सर्वांत मोठे माप पुढे केले होते. भुवयांच्या वरून फीत फिरवली तेव्हा मधले माप निघाले. सैल हेल्मेट म्हणजे डोक्यावर ठेवलेला गंज. 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवायचे दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला ती विकली जातातच. हातमोज्यांचा प्रश्न आपल्या घरात वेगळा असतो. दुकानात दाखवतात ते बहुतेक चामड्याचे. बाई, म्हणजे मुलाची आजी, यांनी आधीच बजावले होते, की जीव वाचवायची वस्तू जीव घेऊन केलेली नको. थोडे शोधल्यावर जाड कृत्रिम धाग्याचे, बोटांच्या सांध्यांवर कडक कवच असलेले मोजे मिळाले. बुटांचेही तसेच, घोटा झाकणारे कॅनव्हासचे बूट घेतले. घोटा झाकला पाहिजे, यावर काकांचा विशेष कटाक्ष होता.

एक गोष्ट लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलीच पाहिजे. आपल्या समाजात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात दुचाकीची किल्ली सर्रास दिली जाते. दुकानाचा डबा पोचवायचा असतो, शिकवणीला जायचे असते, आणि मुलगा उंच असला की तो मोठाच दिसतो. भाच्याच्या बाबतीत हेच होत होते. तो नववीत असतानाच लोक ताईला विचारत, अजून गाडी नाही का दिली? 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातील कलम 199 अ प्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ताईने चार वर्षे लोकांची बोलणी ऐकून घेतली. तिला भित्री म्हणणाऱ्यांत मीही एक होतो, याबद्दल यंदाच्या क्षमापनेत मी तिची वेगळी क्षमा मागितली.

शिकाऊ परवान्यावर मागे प्रशिक्षकाशिवाय कोणालाही बसवता येत नाही. म्हणून अजून तरी भाचा सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीवर कारखान्यात जातो, आणि रविवारी बाजारतळावर काकांच्या देखरेखीखाली सराव करतो. नव्या गाडीवर त्याचा गुडघा हँडलला लागत नाही. गिअरची दांडी मेस्त्रीकडून थोडी वर करून घेतल्यापासून अकरा नंबरचा बूटही नीट जातो. मंद चालीत क्वचित एखादा पाय अजून खाली येतो. तेव्हा काका काही न बोलता काठी जमिनीवर आपटतात.

पक्क्या परवान्याची परीक्षा या महिनाअखेरीस आहे. पास झाला तर मागे पहिली मीच बसणार, असे ताईने सर्वांना सांगून ठेवले आहे. अडचण अशी, की मागचे आसन उंच, आणि ताई जेमतेम पाच फूट. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा गाडी दुकानाच्या ओट्याला लावून उभी होती. साडीचा पदर खोचून, नवे हेल्मेट घालून ताई ओट्यावरून आसनावर बसता येते का, ते पाहत होती, आणि भाचा दोन्ही पाय टेकवून गाडी घट्ट धरून होता.